माढ्याचा माळ आणि तीनशें पंधराचें काडतूस

मराठी भाषेंत ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण सामान्य माणसाच्या तोंडीं तो बसला तो १८५७ च्या हकीकतीमुळें. चरबी लावलेलें कागदी काडतूस, तें दांतानें तोडण्याची सक्ति आणि त्यांतून पेटलेला वणवा ही कथा शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याच कुळांतलें दुसरें एक काडतूस मात्र असें आहे कीं, त्याच्या नांवाशीं इतिहासांतली एकहि मोठी घटना जोडलेली नाहीं. आणि तरीहि तें हिंदुस्थानांतल्या परवानेदार शिकाऱ्याच्या कमरपट्ट्यांत दोन पिढ्यांहून अधिक काळ ठाण मांडून राहिलें. त्याचें नांव .३१५. बंदूकवाले त्याला ‘थ्री फिफ्टीन’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून घरच्या नोकराचें नांव घ्यावें इतक्या सहजपणें येतो.

इंचाचे हजार भाग कल्पावे व त्यांतले तीनशें पंधरा घ्यावे. तेवढा या रायफलीच्या नळीचा आंतला व्यास. मेट्रिक मापानें तो आठ मिलिमीटर भरतो. पितळेची कोषासारखी नळी, तिच्या बुडाशीं बाहेर आलेली कड, मध्यभागीं ठिणगी देणारी टोपी, आंत बिनधुराची दारू आणि तोंडाशीं २४४ ग्रेन वजनाची, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित् जड अशी गोळी. ती नळींतून सेकंदाला सुमारें दोन हजार फूट वेगानें सुटते. आजच्या मापानें ही गति मध्यम, गोळी जड आणि जन्मसाल १८८८. ज्या जगांत बंदुकीचे कारखानदार दर चार वर्षांनीं नवें काडतूस काढून जुन्याला मोडींत घालतात, त्या जगांत हें म्हातारें टिकलें कशानें? या प्रश्नाचें उत्तर शस्त्रविद्येंत थोडें, कायद्याच्या पुस्तकांत बरेंच, आणि दख्खनच्या उघड्या माळांवरहि कांहींसें सांपडतें. माळ पाहावयाचा तर माढ्याचा पाहावा.

माढा हा सोलापूर जिल्ह्यांतील तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधोमध पसरलेला आहे. पाऊस बेताचा आणि तोहि लहरी. नदीकांठची काळी जमीन सोडली कीं मुरमाड माळ सुरू होतो. कुसळाचें गवत, खुरट्या बोरी, एखादी बाभळ, आणि मग क्षितिजापर्यंत कांहीं नाहीं. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या माणसाला हा मुलूख उजाड वाटेल. परंतु उजाड तो मुळींच नव्हता. काळवीटांचे कळप येथें चरत, चिंकारा ओढ्याकांठच्या झुडपांतून डोकावे, लांडगे मेंढपाळांच्या वाड्यांमागून फिरत, आणि गवतांत मीटरभर उंचीचा माळढोक पक्षी एखाद्या सावकारासारखा मान ताठ करून चाले. १८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोहोंचली व हा माळ मुंबई-पुण्याच्या शिकाऱ्याला एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आला.

या माळावरचा मूळचा शिकारी मात्र पारधी. त्याच्यापाशीं काडतूस नव्हतें. तांतीचे फासे होते आणि शिकविलेला बैल किंवा गाय होती. त्या जनावराच्या आडोशानें तो कळपाच्या इतका जवळ जाई कीं रायफलवाल्याला तें खरें वाटूं नये. माळाचा कण अन् कण जाणणाऱ्या या माणसाला इंग्रज सरकारनें कायद्याच्या आधारें ‘गुन्हेगार जातीं’च्या यादींत घातलें, आणि पुढें सोलापुरांत अशा जमातींसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत उभी केली. बंदुकीचा परवाना त्याच्या वांट्याला येणें शक्यच नव्हतें. तो येई दुसऱ्यांच्या.

तो दुसरा कोण, हें पाहिल्यावांचून .३१५ चें मर्म कळत नाहीं. मोठा इंग्रज अधिकारी किंवा संस्थानिक यांच्यापाशीं बंदुकांचा ताफा असे. वाघासाठीं एक, गव्यासाठीं दुसरी, हरणासाठीं हलकी तिसरी, पक्ष्यांसाठीं छऱ्याची चौथी. त्याला सर्वकामीं काडतुसाची गरजच नसे. गरज होती ती तालुक्याच्या गांवच्या वकिलाला, इनामदाराला, जंगलखात्यांतल्या किंवा रेल्वेंतल्या मधल्या दर्जाच्या नोकराला. त्याच्या परवान्यावर एकच रायफल, वर्षाकांठीं मोजून मिळणारीं काडतुसें, आणि खिसा बेताचा. त्याच एका रायफलीनें त्यानें हिंवाळ्यांत माळावरचा काळवीट मारावयाचा, उसाच्या फडांत शिरलेला रानडुक्कर मारावयाचा, आणि कधीं कानडा जिल्ह्याच्या रानांत जाण्याचा योग आला तर तेथील सांबराशींहि गांठ घालावयाची. काळवीट भरला तर चाळीस किलोचा. सांबर त्याच्या पांचसहा पट. दोघांना एकच गोळी पुरेशी पडावी, ही अपेक्षा शास्त्राची नव्हे, संसाराची होती. घरांत एकच पातेलें असलें म्हणजे त्यांतच दूध तापतें आणि त्यांतच आमटी होते, त्यांतला हा प्रकार.

येथें एक गोष्ट आधींच सांगून टाकणें न्यायाचें होईल. माळ ओस पडण्याचें सगळें पाप या पितळी काडतुसावर लादतां येणार नाहीं. माढ्याच्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रजानें १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले अशी नोंद आहे. त्या काळीं ना रायफलीचें काडतूस होतें ना बिनधुराची दारू. दारू व गोळी वेगळी भरून, गज ठोकून उडवावयाची बंदूक. आणि तरीहि हा आंकडा! एकट्या माणसाच्या नांवावरचा हा हिशेब पाहिला म्हणजे साधनापेक्षां हात कोणाचा व त्याला अडविणारा कोण, हाच प्रश्न खरा असें वाटूं लागतें.

काडतुसाच्या विद्येनें वेग घेतला तो १८५७ नंतरच्या अर्धशतकांत. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ मध्यें सरकारनें दारूगोळ्याचा कारखाना काढला. १८१७ च्या नोव्हेंबरांत पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला ती लढाई याच खडकीच्या परिसरांतली; जिंकलेल्या जागेवर जेत्यानें आपली दारू साठवावी हा जगाचा रिवाजच आहे. त्या वेळच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी जाड, ४८० ग्रेनांची, आणि दारू काळी. बार काढला कीं धुराचा लोट उठे व नेम लागला कीं चुकला हें धूर निवळल्यावर कळे. १८८० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें बिनधुराची दारू निघाली आणि साऱ्या युरोपच्या फौजांत एकच धांवपळ उडाली. व्यास कमी, वेग जास्त, धूर नाहीं, हें नवें सूत्र. इंग्लंडनें १८८८ मध्यें .३०३ चें काडतूस घेतलें. त्याच सालीं ऑस्ट्रिया-हंगेरीनें मान्लिखर रायफलीसाठीं आठ मिलिमीटरचें काडतूस घेतलें. दोन्हीं आरंभीं काळ्या दारूचींच होतीं. इंग्रजांनीं १८९१ मध्यें त्यांत कॉर्डाइट घातलें, आणि ऑस्ट्रियाच्या काडतुसांतहि त्याच सुमारास नवी दारू आली. .३०३ हें आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नांवानें पोलीस चौकीपासून चित्रपटापर्यंत सर्वत्र प्रसिद्ध झालें. आणि त्याचा तो ऑस्ट्रियन जुळा भाऊ म्हणजेच आपलें .३१५.

व्हिएन्नाच्या बादशहाच्या शिपायासाठीं घडविलेलें काडतूस दख्खनच्या माळावर आलें कसें? त्याचें कारण अविश्वास. १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या अमदानींत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरला, गोऱ्या लोकांना त्यांतून सूट मिळाली, आणि कॉंग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांपासून या पंक्तिप्रपंचाविरुद्ध तक्रार होऊं लागली. परवाना देऊनहि सरकारची भीति मात्र संपली नाहीं. परवानेदाराच्या हातीं .३०३ ची शिकारी रायफल असली, तर फौजेच्या कोठारांतून चोरलेलें काडतूस तिच्यांत बिनबोभाट बसेल! वायव्य सरहद्दीवरचे पठाण फौजेच्या रायफली व काडतुसें पळविण्यांत पटाईत होते आणि या चोरीची सरकारनें धास्तीच घेतली होती. तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं फौजी मापाच्या रायफली खासगी माणसानें बाळगूं नयेत असा निर्बंध आला. .४५० च्या मापावरहि बंदी आली, आणि विलायतेंतल्या बंदूककारांनीं केवळ हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठीं .४६५, .४७० अशीं नवीं मापें काढलीं. हत्तीच्या शिकारीचीं आज नांवाजलेलीं कित्येक काडतुसें या एका सरकारी हुकुमाचीं अपत्यें आहेत.

.३०३ ची जागा भरून काढावयास मात्र नवें कांहीं शोधण्याचें कारण पडलें नाहीं. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें आपल्या ली-एनफील्ड धर्तीच्या रायफलीला आठ मिलिमीटरची नळी बसविली आणि मान्लिखरचें काडतूस तिच्यांत घातलें. सांगाडा इंग्रजांचा, दाणा ऑस्ट्रियाचा. फौजी काडतूस आंत बसत नाहीं म्हणून सरकार निर्धास्त, ताकद जवळजवळ.३०३ इतकीच म्हणून शिकारीहि खूष. १९१४ ते १९१८ या महायुद्धांत ऑस्ट्रियाच्या शिपायांनीं याच काडतुसानें दोस्तांच्या फौजांवर गोळ्या झाडल्या. पण साम्राज्याच्या शत्रूचें काडतूस साम्राज्याच्या प्रजेच्या हातीं सर्वांत बिनधोक, हा हिशेब काहीं त्यामुळें बदलला नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबरच होता.

शिकारीच्या काडतुसाची गोळी फौजेच्या गोळीहून एका बाबतींत निराळी असते, आणि तो फरकहि हिंदुस्थानांतच नांवारूपास आला. सगळी गोळी कठीण धातूनें मढविली तर ती अंगांतून सरळ आरपार जाते. जनावर घायाळ होऊन मैलच्या मैल धांवतें आणि कोठेंतरी तडफडत मरतें. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यांत १८९० नंतरच्या दशकांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें गोळीचें नाक उघडें ठेवून आंतलें मऊ शिसें मोकळें केलें. असें केलें असतां गोळी लागतांच छत्रीसारखी उमलते. सरहद्दीवरच्या माणसांवर ती वापरण्यांत आली आणि युरोपांत ओरड झाली; १८९९ च्या हेग परिषदेनें अशा गोळ्यांना युद्धांत मनाई केली. पण जी गोळी माणसावर झाडणें क्रौर्य ठरलें, तीच जनावरावर झाडणें ही शिकाऱ्यांच्या नीतींत दया ठरली, कारण ती लवकर मारते. .३१५ ची गोळी मऊ नाकाचीच असते. ‘डमडम’ हा शब्द जगांतल्या अनेक भाषांत शिवीसारखा वापरला जातो आणि ती विद्या मात्र जगांतल्या प्रत्येक शिकाऱ्याच्या खिशांत आहे.

आतां या काडतुसाची माळावरची खरी किंमत काय? भावनेंत न शिरतां सांगावयाचें तर बेताची. काळवीट मूर्ख नसतो. उघड्यावर तो दोनशें यार्डांच्या आंत सहसा येऊं देत नाहीं, आणि .३१५ ची जड, बोथट नाकाची गोळी शंभर यार्डांवर नेम जुळविलेला असला तर दोनशेंवर जवळजवळ वीतभर खालीं उतरते. अंतराचा अंदाज चुकला कीं बार फुकट, किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावराचा पाय मोडला. माळासाठीं योग्य काडतूस पाहावयाचें तर जर्मनीच्या माउझरचें सात मिलिमीटरचें, जें रिग्बी यांनीं .२७५ या नांवानें विकलें. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्यें जिम कॉर्बेट यांना बक्षीस मिळालेली रायफल याच मापाची होती, आणि १९२६ मध्यें रुद्रप्रयागचा बिबळ्या त्याच मापाच्या गोळीनें पडला. अमेरिकेंत १९०६ मध्यें तेथील फौजेनें घेतलेलें .३०-०६ हें तर सर्वकामीं काडतुसांचा मुकुटमणि मानलें जातें. हलकी गोळी घालून हरिण मारा, जड घालून अस्वल मारा. या सर्वांपुढें .३१५ साधेंच. त्याला गोळींची निवड नाहीं, वेगाची ऐट नाहीं. दाट रानांत, साठ-सत्तर पावलांवर, डुकराच्या खांद्यांत मात्र तें खरें काम करी. तेथें जड गोळीच हवी असते. म्हणजे माळावर तें थोडें उपरेंच, आणि तरीहि माळावर वापरलें गेलें, कारण तेंच मिळत होतें.

मिळत होतें, हीच त्याची मोठी थोरवी. जगांतलीं दीर्घायुषी शिकारी काडतुसें चाळून पाहिलीं तर त्यांपैकीं बहुतेक आधीं शिपायाचीं होतीं. फौजेमुळें तीं लाखांनीं निघतात, स्वस्त होतात आणि आडगांवच्या दुकानांतहि सांपडतात. उत्तम पण दुर्मिळ काडतुसाची रायफल भिंतीवर टांगण्याच्या योग्यतेची. ज्याचीं काडतुसें तालुक्याला मिळतात तिलाच घेऊन माणूस रानांत जातो.

स्वातंत्र्यानंतर हीच गोष्ट नव्या रूपानें घडली. परदेशी बंदुका व काडतुसें यांची आयात आंखडत गेली आणि विलायती मापांचे शौकीन आपल्या सुंदर रायफली हातांत धरून काडतुसांवांचून बसले. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यानें .३१५ ची शिकारी रायफल बनविण्यास सुरुवात केली आणि खडकीच्या कारखान्यानें तिचीं काडतुसें. पितळी बुडावरचीं खडकीचीं ‘के. एफ.’ हीं अक्षरें शिकाऱ्यांना रुपयावरच्या छापाइतकीं परिचित झालीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें इंग्रजांचा कायदा रद्द केला. पण त्याखालीं झालेल्या १९६२ च्या नियमांत.३०३ व ७.६२ मिलिमीटर ही फौजी मापें निषिद्धच राहिलीं. प्रजेवरचा तो जुना अविश्वास स्वकीयांच्या राज्यांतहि कायम राहिला, आणि त्यावरच .३१५ चें आयुष्य पुन्हां वाढलें.

माळाचे दिवस मात्र भरत आले होते. युद्धानंतर फौजेच्या जुन्या जीपगाड्या सर्वत्र विकावयास आल्या. पारधी बैलाच्या आडोशानें जाई, जुना शिकारी पोटावर सरपटत जाई; हे नवे लोक रात्रीं जीपमधून, दिव्याच्या झोतांत दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर बार काढूं लागले. अंतराची अडचणच उरली नाहीं. ज्या काडतुसाला दोनशें यार्डांवर धाप लागे, त्याला तीस यार्डांवरचें हरिण म्हणजे हातचा मळ! मुंबई राज्यानें १९५१ मध्यें वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला तो त्या काळच्या मानानें पुढारलेला होता. पण रात्रीं माळावर जाऊन तो अमलांत आणणार कोण? १९७२ मध्यें देशभरचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट व माळढोक हे दोघेहि त्याच्या पहिल्या परिशिष्टांत बसले. त्याच दशकाच्या आरंभीं सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लोकांचें व सरकारचें लक्ष वेधलें. १९७९ मध्यें माळढोक अभयारण्य जाहीर झालें. त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर, आणि त्यांत माढा तालुक्याचाहि समावेश. पुढें तो कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आला. १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवानेच बंद झाले.

कायद्यानें गोळी थांबली तोंच पाणी आलें. माढा तालुक्यांत उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण १९८० मध्यें पुरें झालें. कालवे निघाले, मोटारी बसल्या, आणि जेथें कुसळ वाऱ्यावर डोलत होतें तेथें ऊंस उभा राहिला. दुष्काळानें होरपळलेल्या शेतकऱ्याला याबद्दल कोण दोष देईल? परंतु माळढोकाला उसांत जागा नाहीं. त्याला आखूड गवत आणि लांबवरची नजर हवी. मॅन्सफील्डनें वीस वर्षांत जितके मारले, त्याहून कमी माळढोक आज सबंध भारतांत शिल्लक आहेत, आणि नान्नजला एखादा दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

शिकार गेली, तरी तीनशें पंधराचें काडतूस गेलें नाहीं. तें परवानेदाराच्या कपाटांत, बंगल्याच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर आणि उत्तरेकडच्या लग्नांच्या वरातींत दिसतें. उत्तर प्रदेश व बिहार येथें चोरून घडविलेला गांवठी ‘कट्टा’ बहुधा याच मापाचा असतो. पाण्याच्या नळासारखी नळी, एक चाप, आणि कारखान्यांतून निघालेलें उत्तम काडतूस. फौजेचें काडतूस भलत्या हातीं पडूं नये म्हणून ज्याची योजना झाली, तेंच आज भलत्या हातांचें नेहमींचें काडतूस होऊन बसलें आहे. इशापूर आणि खडकी हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले.

माढ्याकडे काळवीट मात्र पुन्हां वाढले आहेत. शाळू हातभर उंच झाला कीं कळप पहांटे पिकांत उतरतो. शेतकऱ्याजवळ रायफल नसते, आणि असली तरी काळवीटावर ती चालविणें म्हणजे तुरुंगाची वाट. तो मचाणावर चढून पत्र्याचा डबा बडवितो, गोफणीचा एखादा खडा सोडतो. कळप शंभरएक पावलें सरकून उभा राहतो, आणि डबा थांबला कीं परत येतो.